बोंब कुणाची आणि कशाची?

होळी पेटली की आळीतली मुले तोंडावर उलटा हात आपटत बोंबा मारतात. त्या दिवशी त्यांना कोणी रागावत नाही. एरवी मात्र हा शब्द घरात कोणी उच्चारला, की आजी डोळे वटारते. सभ्य मंडळींनी तर त्याच्यासाठी 'शंखध्वनी' असा सोवळा शब्द शोधून ठेवला आहे!

ओरडण्यासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. बांधावरून देतात ती हाळी, भीतीने फुटते ती किंकाळी, दुःखाने फोडतात तो हंबरडा. बोंब या सर्वांहून निराळी, कारण ती नुसत्या गळ्याने होत नाही; तिला हात लागतो. चोर शिरला, आग लागली, की माणसे गोळा करायला बोंब ठोकायची. म्हणूनच चोराने स्वतःच ती ठोकली, तर त्या 'उलट्या बोंबा' ठरतात.

बडोद्याच्या मराठी घरांना शेजारची 'बूम' ठाऊक असेल. गुजरातीत 'बूम पाडवी' म्हणजे मोठ्याने हाक मारणे; त्यात कमीपणा नाही. मराठीत मात्र बेत फसला की तो 'बोंबलला', उनाड पोरगा 'बोंबलत हिंडतो', आणि गणित येत नसेल तर 'गणिताच्या नावाने बोंब'.

'पाण्याची बोंब' हा प्रयोग तर पाहण्यासारखा आहे. पाणी नाही हेही त्यात आले आणि त्यासाठी चाललेली ओरडही. पण हाच शब्द ओरडणाऱ्याला गप्प बसवायलाही वापरतात. तेल संपल्याचे सासूबाईंनी सांगितले तर ती सूचना. सुनेने सांगितले तर 'हिची रोजचीच बोंब'. पुढाऱ्यांचा असतो 'आक्रोश मोर्चा', रिकामे हंडे घेऊन आलेल्या बायकांची मात्र 'बोंबाबोंब'. आणि जिला तेवढीही मुभा नसते, तिच्यासाठी आपल्याकडे वेगळीच म्हण आहे : तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

गंमत अशी, की पुष्कळांनी हा हिणवणारा शब्द आता आपणहून उचलला आहे. थकलेल्या पगारासाठी, पीकविम्यासाठी, नळाच्या पाण्यासाठी माणसे कचेरीपुढे जमतात आणि चक्क 'बोंबाबोंब आंदोलन' असा फलक लावतात. मग फाल्गुन असो वा नसो, तोंडावर हात मारून साहेबांच्या नावाने शिमगा सुरू होतो, आणि आतली मंडळी खिडकीशी येतात.