आधी सायकल तपासा, मग गुडघा

वाचकहो, घरातील ज्येष्ठ व्यक्ती सायकलवरून पडली की पहिला निर्णय कोणता होतो, हे आपणांस ठाऊकच आहे. ‘आता सायकल बंद!’ हा निर्णय प्रेमापोटीच होतो आणि कित्येकदा तो योग्यही असतो. परंतु तो घेण्यापूर्वी एक प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही : पडण्याचे कारण माणसात होते की सायकलमध्ये? मीही तो विचारला नव्हता, आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली.

वडील निवृत्त शिक्षक. वयाच्या बहात्तराव्या वर्षीही ते रोज सकाळी सायकलवर नांदुऱ्याच्या बाजारात जात, वर्तमानपत्र आणि भाजी घेत, चार जुन्या विद्यार्थ्यांशी बोलून परतत. एका हिवाळ्यातील सकाळी परतताना ते पडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. मी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, डोळे तपासून घेतले, हृदयाचा आलेख काढला. सारे यथास्थित होते. तरीही मी सायकल मागच्या ओसरीत नेऊन कुलूप लावले.

मनगट सहा आठवड्यांत जुळले. वडील मात्र सावरले नाहीत. वर्तमानपत्र घरी येऊ लागले, भाजी सून आणू लागली आणि बाहेर पडण्याचे कारणच उरले नाही. दिवाळीपर्यंत त्यांच्या मांड्या बारीक झाल्या होत्या. जिना चढताना ते मध्येच थांबत, आणि बोलणेही कमी झाले होते. घराच्या साफसफाईत ती सायकल विकावी म्हणून मी मिस्त्रीकडे नेली. त्याने पॅडल दोनदा पुढेमागे हलवले आणि म्हणाला, ‘डॉक्टरसायेब, गुर्जी पडले नाहीत, सायकलनं पाडलं त्यायले.’ डाव्या क्रँकची कॉटर पिन झिजलेली होती. पॅडलवर भार पडला की क्रँक किंचित सटकत असे. दुरुस्तीला अर्धा तास लागला, आणि खर्च माझ्या एका वेळच्या तपासणी शुल्काहून कमी आला.

वडील पुन्हा सायकल चालवू लागले. परंतु त्या दहा महिन्यांत गेलेले बळ पूर्णपणे परतले नाही. म्हणून आज औषधांऐवजी सायकलविषयी लिहीत आहे.

आधी आवाज ऐका

रोग्याची तपासणी त्याचे म्हणणे ऐकण्यापासून सुरू होते. सायकलचीही तशीच करावी. शांत रस्त्यावर थोडे अंतर चालवून पाहावी, अथवा घरातील तरुण व्यक्तीस चालवावयास सांगावी. आवाज येत असेल, तर पॅडल मारणे थांबवून सायकल आपोआप पुढे जाऊ द्यावी. आवाज थांबला, तर दोष पॅडल, क्रँक किंवा चेनमध्ये असतो. आवाज चालूच राहिला, तर तो चाकात, टायरमध्ये अथवा मडगार्डमध्ये शोधावा.

पॅडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक’ असा आवाज येणे, हे सैल कॉटर पिनेचे किंवा सैल पॅडलचे लक्षण होय. केवळ नट आवळून हा दोष बहुधा जात नाही. झिजलेली पिन बदलावीच लागते. चाकाच्या प्रत्येक फेरीला काही घासत असेल, तर चाक ‘आऊट’ झालेले असते, म्हणजे एखादा स्पोक सैल झालेला वा तुटलेला असतो. सतत करकर ऐकू येत असेल, तर चेन कोरडी आहे. चाकातून घरघर येत असेल, तर आतील छर्रे झिजले आहेत अथवा ग्रीस संपले आहे.

दर पंधरवड्याला दहा मिनिटे

या पाक्षिकाचा अंक हाती आला की त्या दिवशी सायकलही हाती घ्यावी, म्हणजे लक्षात राहील. तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. हवा. अंगठ्याने टायर दोन्ही बाजूंनी दाबावा; तो सहज आत जाता कामा नये. योग्य दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. हवा कमी असेल तर सायकल जड चालते, वळणावर डोलते, आणि ज्येष्ठ व्यक्तीस वाटते की आपलीच ताकद संपली.

२. ब्रेक. दोन्ही दांडे एकेक करून दाबावे. दांडा मुठीला टेकण्याआधीच चाक पक्के थांबले पाहिजे. जुन्या काळ्या सायकलींत ब्रेकचे रबर रिमच्या आतील बाजूस टेकते. तेथे वाकून पाहावे. रबर झिजून धातू दिसू लागला असेल, तर त्याच दिवशी बदलावे. पावसात भिजलेल्या पोलादी रिमवर ब्रेक फार उशिरा लागतो, हेही ध्यानी असावे.

३. चेन. पुढच्या आणि मागच्या दात्यांमधील मोकळ्या भागाच्या मध्यावर चेन काडीने वरखाली हलवावी. साधारण अर्धा इंच हालचाल योग्य. अधिक सैल चेन उतरते, पाय एकदम रिकामा खाली जातो आणि तोल सुटतो. फार ताणलेली चेनही जड चालते.

४. चाके व हँडल. सायकल उचलून चाक आडवे हलवावे. खुटखुट जाणवू नये. मग समोर उभे राहून पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरावे आणि हँडल फिरवून पाहावे. चाक स्थिर असताना हँडल फिरले, तर तो नट त्वरित आवळून घ्यावा.

५. पॅडल. एक क्रँक घट्ट धरून दुसरा हलवावा. किंचितही ढिलाई वाटली, तर सायकल चालवू नये. माझ्या हातून राहिली होती ती हीच तपासणी.

घरी काय करावे, काय करू नये

हवा भरणे, चेनला तेल देणे आणि व्हॉल्व्हची रबरी नळी बदलणे ही कामे घरी सहज होतात. रात्री भरलेली हवा सकाळी गेलेली असते, तरी ट्यूबमध्ये पंक्चर सापडत नाही, असे झाले तर दोष बहुधा या नळीचा असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पातळ रबर कडक होऊन चिरते. व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब सोडावा. बुडबुडा आला की निदान झाले.

चेनवरील जुनी घाण रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसून, ती सुकल्यावर यंत्राचे तेल थेंबाथेंबाने सोडावे आणि वरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे. तेल ओलेच ठेवले तर काळ्या मातीची धूळ त्यावर बसते व चेन लवकर झिजते. रिम आणि ब्रेकच्या रबरावर तेलाचा थेंबही पडू देऊ नये. चाक फिरत असताना चेन वा स्पोकजवळ बोटे नेऊ नयेत. नातवंडे जवळ असतील तर त्यांना आधी दूर बसवावे.

शेतवाटेवर बाभळीचा काटा ठरलेलाच. पंक्चर काढल्यावर काटा टायरमध्येच राहिला, तर पहिल्याच फेरीत पुन्हा पंक्चर होते. टायरची आतील बाजू बोटाने चाचपू नये. सुती फडके फिरवावे, काट्यात ते अडकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी हा नियम कटाक्षाने पाळावा.

कॉटर पिन, छर्रे, स्पोक आणि ब्रेकचे सांधे मात्र मिस्त्रीकडेच सोपवावे. त्याला केवळ ‘सायकल बिघडली’ असे सांगू नये. आवाज केव्हा येतो, कोणत्या बाजूने येतो, हे सांगावे.

सीट, गुडघा आणि बोटे

गुडघेदुखी सांगणाऱ्या रुग्णास मी आता विचारतो, ‘सायकल बाहेर उभी आहे का?’ अनेकदा सीट हळूहळू खाली सरकलेली असते. सीट खाली असली की गुडघा अधिक वाकतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी; पॅडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग पावलाचा पुढचा भाग पॅडलवर आला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. हीच योग्य उंची.

मात्र ज्येष्ठांसाठी यात तडजोड करावी लागते. थांबताना दोन्ही पायांची बोटे जमिनीला टेकलीच पाहिजेत. तेवढी सीट खाली घ्यावी. परंतु त्याहून खाली नको.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर तळहातातून जाणाऱ्या नसेवर हँडलचा दाब पडत असतो. मुठीवर मऊ आवरण घालावे, हँडल किंचित वर घ्यावे आणि पकड अधूनमधून बदलावी. सायकल सोडल्यावरही बधिरपणा राहिला, तर डॉक्टरांस दाखवावे.

धावत जाऊन एक पाय पॅडलवर ठेवून दुसरा मागून टाकण्याची आपली जुनी पद्धत सत्तरीनंतर सोडावी. आडव्या दांडीवरून पाय टाकताना तोल जाण्याचा धोका मोठा असतो. दांडी खाली असलेली, म्हणजे ज्यास आपण लेडीज सायकल म्हणतो, ती पुरुषांनीही निःसंकोच वापरावी. चेनवर कव्हर असावे. धोतराचा सोगा, साडीचा काठ किंवा पायजमा त्यात अडकू नये. डोक्यावर हेल्मेट असावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर जाऊन ऊन चढण्याआधी घरी परतावे. महामार्गावर सायकल नेऊ नये.

सायकल निर्दोष असेल, तर

येथे एक अपवाद ठळकपणे सांगतो. सायकल चालवताना छातीत दडपण, जबड्यात वा हातात वेदना, दम लागून घाम येणे, यांपैकी काहीही झाले तर मिस्त्रीकडे जाऊन हवा तपासीत बसू नये. तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

इतर वेळी, सायकल निर्दोष असूनही अडचण येत असेल, तर ती शरीराची सूचना समजावी. एकाच बाजूच्या वस्तूंवर वारंवार आदळणे हे दृष्टीचे क्षेत्र कमी झाल्याचे लक्षण असू शकते. पाय पॅडलवरून नकळत सटकणे, हे मधुमेहाने पायांची संवेदना घटल्याचे. उतरल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाबाच्या औषधांचा फेरविचार करावा लागतो. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. फिट येणाऱ्या व्यक्तींनी डॉक्टरांच्या परवानगीवाचून सायकल चालवू नये.

सायकलचा तोल मेंदूविषयीही बरेच सांगतो. २०१० साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी कंपवाताच्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला धड चार पावले टाकणे कठीण होते; परंतु सायकलवर बसवल्यावर तो सफाईने सायकल चालवू शकला. उलटही घडते. जन्मभर सायकल चालवलेल्या व्यक्तीचा तोल काही महिन्यांत अकारण जाऊ लागला, तर मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ‘वय झाले’ हे त्याचे निदान नव्हे.

पडल्यास

पडलेल्या व्यक्तीस घाईने उभे करू नये. पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, किंवा खुब्यात असह्य वेदना असेल, तर हाड मोडलेले असू शकते. तेथेच आडवे ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. वृद्धांच्या डोक्यात रक्त हळूहळू साचते. वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा किंवा गोंधळ काही आठवड्यांनीही दिसू शकतो. मातीत झालेल्या जखमेसाठी धनुर्वाताच्या लसीचीही विचारणा करावी.

आणि एवढे झाल्यावर, सायकल ओसरीत कुलूपबंद करण्यापूर्वी ती मिस्त्रीकडे न्यावी. कदाचित शरीराचाच दोष निघेल आणि सायकल थांबवावी लागेल. तेव्हा तिची जागा रिकामी ठेवू नये. रोज सकाळी बाजारापर्यंत सोबतीने पायी जावे, किंवा तीन चाकांची सायकल पाहावी. मात्र तिला वळणावर वेग कमी करणे आवश्यक असते. आपल्या वडिलांना घराबाहेर नेणारे कारण टिकले पाहिजे. सायकल बंद केल्याने मनगट वाचते हे खरे. पण त्या व्यक्तीची सकाळ कोठे जाते, याचा विचारही आपणच करावयाचा असतो.

माझे वडील आता सायकल चालवीत नाहीत. ते एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत आणि हा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. ती सायकल मी चालवतो. दर पंधरवड्याला ते खुर्ची टाकून बसतात आणि विचारतात, ‘पिन पाहिलीस का?’