दोन विसा आणि वर चार

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. कुणी 'एकोणसाठ' म्हटलं की ५९ की ६९, हे मला आजही बोटांवर मोजावं लागतं. तरी मराठी विभागात लेख देतेय, आणि तोही आकड्यांचा! चुकलंच तर सांभाळून घ्या. विषय आहे क्रेडिट. आपल्या मार्कशीटवर ग्रेडच्या बाजूला छोटासा आकडा असतो ना, तोच.

मे महिन्यात घरी, दिग्रसला गेले होते. चुलत बहिणीची बी.एस्सी. पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपलेली. पहिल्या सेमिस्टरचा दोन क्रेडिटचा एक विषय राहिलेला. काका म्हणाले, "पेरणीले पैसा लावू का हिच्या फीले? बस झालं आता." रात्री गच्चीवर ती हळूच म्हणाली, "ताई, मग हे वर्ष वायाच गेलं ना?"

मला उत्तर येईना. इंजिनीअरिंगला असून! मग दोन दिवस नियमच वाचत बसले.

क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. सेमिस्टरभर आठवड्याला एक तास लेक्चर, म्हणजे साधारण १५ तास, की एक क्रेडिट. प्रॅक्टिकलचे मात्र ३० तास भरावे लागतात. (लॅबमध्ये दोन तास उभं राहून एकच क्रेडिट का, ते आता कळलं!) २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात घरचा अभ्यासही धरलाय. त्या हिशोबाने एक क्रेडिट म्हणजे एकूण ३० तास, आणि वर्षाचे ४० क्रेडिट म्हणजे १२०० तास. पण नुसते तास भरून काही हाती लागत नाही. विषय पास झाला तरच त्याचे क्रेडिट जमा होतात.

महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आला आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून ही पद्धत लागू झाली. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला पहिल्या वर्षाचे किमान ४० क्रेडिट झाले की सर्टिफिकेट, ८० ला डिप्लोमा, १२० ला पदवी, १६० ला ऑनर्स. आमची आजी अजून विसावर मोजते. ती पटकन म्हणाली, "म्हंजे दोन विसा, चार विसा, सहा विसा, आठ विसा!" बरोबर! दर सेमिस्टरला एक वीस.

खरी गोम पुढे आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं तर उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप वेगळी करावी लागते. म्हणजे सर्टिफिकेट दोन विसा आणि वर चारला मिळतं. बहिणीचा एक विषय राहिलेला, म्हणजे तेही दोन क्रेडिट हवेत. एवढं केलं नाही, तर वर्षभर शिकूनही हातात सर्टिफिकेट नाही.

आणि हे सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे, हेही तिला स्पष्ट सांगितलं. हा डिप्लोमा म्हणजे आपल्या लॅटरल एन्ट्रीवाल्यांचा पॉलिटेक्निक डिप्लोमाही नव्हे. तो दहावीनंतरचा, वेगळाच. पण बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. तोवर क्रेडिट सांभाळायला २०२१ मध्ये अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. तिथे पैशांऐवजी क्रेडिट जमा होतात!

कागदावर मांडलेला हिशोब काकांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "वापस जाता येते म्हंते तू?"

"हो काका, तीन वर्षांत."

"मंग ते वरचे चार तं घेऊ दे तिले पहिले."

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात चौकशीला गेली. फीचं अजून ठरलेलं नाही. पण 'वाया गेलं' हा शब्द घरात पुन्हा कुणी काढला नाही.

आता आपलं. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक.ला १६० क्रेडिट आहेत, म्हणजे आजीचे आठ विसा. आज रात्री मेसमधून आलात की आपल्या क्रेडिट बँकेचं खातं उघडून बघा, पास झालेले सगळे विषय तिथे चढलेत का. आणि स्टाफमधल्या काका-मावशींनो, तुमच्या घरी कुणी पहिल्या वर्षाला शिक्षण सोडायच्या बेतात असेल, तर उन्हाळा संपायच्या आत त्याला हा हिशोब सांगा. वरचे चार राहून जायला नकोत.