रात्री अडीचला ‘मॅडम’च असतात!

पुण्यात कुणाला ‘तुला आता येरवड्याला भरती करायला हवं’ असं म्हटलं, तर तो चिडत नाही, हसतो. टोमणा जेलचा नाही, मनोरुग्णालयाचा आहे, हे इथं वेगळं सांगावं लागत नाही. शहरानं या दोन्ही गोष्टी एकाच उपनगरात ठेवल्यात: मध्यवर्ती कारागृह आणि प्रादेशिक मनोरुग्णालय. आणि त्यांना वळसा घालून रोज कल्याणीनगर, विमाननगर, खराडीच्या काचेच्या बिल्डिंगांकडे धावणारे आपण! गुंजन चौकात सिग्नल लागला की मोबाइल काढायचा, सुटला की पुढं. मीसुद्धा त्यातलीच. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा तरी त्या रस्त्यानं जाणं होतं.

पण या दोन इमारतींच्या मधल्या जागेबद्दल आपण कधी विचार करतो? जेलमधल्या ज्या बाईला हॉस्पिटलची गरज नाही, पण तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, जेवण जात नाही, भिंतीकडे तोंड करून पडून आहे... तिचं कोण बघतं?

कागदावर उत्तर आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनं दर ५०० कैद्यांमागे एक मानसोपचार जाणणारा किंवा समुपदेशक असावा, असं म्हटलंय. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशभरात सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. म्हणजे साध्या भागाकारानं अकराशेच्या वर माणसं हवीत. २०२५ च्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’नं मोजली ती किती? २५. अख्ख्या देशात! एकूण कैद्यांत बायका जेमतेम ४ टक्के. त्यांच्या वाट्याला त्यातलं काय येणार, हे मी लिहायची गरज नाही.

मग उरतं कोण? महिला शिपाई. कैदी त्यांना ‘मॅडम’ म्हणतात. गिनती त्यांनी करायची, बराकीला कुलूप त्यांनी लावायचं, भांडणं त्यांनी सोडवायची. डॉक्टर संध्याकाळी घरी जातात, संस्थेच्या ताई पाचला निघतात. रात्री अडीचला गजांच्या पलीकडे फक्त मॅडम असतात.

लॉ कॉलेज रोडवरून निघालेला कायदा

गंमत बघा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तयार करताना केंद्र सरकारला मसुद्यासाठी मदत केली ती आपल्याच लॉ कॉलेज रोडवरच्या आयएलएसमधल्या ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’नं. चांगला कायदा आहे. कारागृहातल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याचे प्राथमिक आणि तातडीचे उपचार शिकवावेत, असं त्याच्या ३१व्या कलमात सांगितलंय. पण ते कलम डॉक्टरांबद्दल आहे. किल्ल्यांचा जुडगा सांभाळणाऱ्या बाईबद्दल नाही.

तिच्याबद्दल बोलतात ते ‘बँकॉक नियम’. महिला कैद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१० मध्ये हे नियम मंजूर केले. त्यातला ३५वा सांगतो की कैदी बाईची मानसिक गरज, स्वतःला इजा करून घेण्याचा किंवा आत्महत्येचा धोका ओळखायला कर्मचाऱ्यांना शिकवा, आधार द्यायला शिकवा आणि तज्ज्ञाकडे पाठवायला शिकवा. मला मात्र १३वा नियम जास्त आवडला. बायकांना कुठल्या वेळी विशेष त्रास होऊ शकतो याची जाणीव कर्मचाऱ्यांना असावी, एवढंच त्यात म्हटलंय. साधी गोष्ट. पण त्या वेळा कुठल्या, याची यादी करायला बसलं की कळतं, केवढं शिकवावं लागेल!

पहिली रात्र. अंगावरचे दागिने काढून जमा केलेले, घरी मुलांना कुणी जेवायला घातलं का ते माहीत नाही. मग कोर्टाची तारीख. सकाळी केस विंचरून, आशेनं गेलेली बाई संध्याकाळी गाडीतून उतरते ती ‘पुढची तारीख’ घेऊन. जामीन फेटाळल्याचा दिवस. निकालाचा दिवस. मुलाकातीला कुणी येत नाही असे सगळेच दिवस. पुरुष आत गेला की बायको डबा घेऊन रांगेत उभी राहते, बायको आत गेली की रांगेत बहुतेक वेळा तिची आई असते, तीही असलीच तर. आणि दिवाळीतली भाऊबीज... सगळीकडे फटाके वाजत असताना.

यात एक दिवस असा आहे, की जो कॅलेंडरवर आधीपासून ठरलेला असतो. मुलाचा सहावा वाढदिवस! सुप्रीम कोर्टानं आर. डी. उपाध्याय खटल्यात २००६ मध्ये दिलेल्या निकालाप्रमाणे आईबरोबर जेलमध्ये मूल राहू शकतं ते सहा वर्षांचं होईपर्यंतच. मग आईच्या इच्छेनुसार नातेवाइकांकडे, नाहीतर बालगृहात. शक्यतो त्याच शहरात, असंही कोर्टानं सांगितलंय. आपल्याकडे सहावा वाढदिवस म्हणजे केक, टोप्या, फुगे. तिथं ती आई वर्षभर आधीपासून दिवस मोजत असणार. म्हणजेच मॅडमनाही वर्षभर आधीपासून माहीत असतं, की ही बाई कधी कोसळणार आहे. ट्रेनिंगचा उपयोग व्हायला याहून सरळ जागा कुठली?

दोन अंडी, पाच पाव

आणि ट्रेनिंग नसलं की? २३ जून २०१७. मुंबईतलं भायखळा महिला कारागृह. मंजुळा शेट्ये ही जन्मठेपेची कैदी तिथं वॉर्डर होती, त्याआधी येरवड्यात होती. नाश्त्याच्या हिशेबात २ अंडी आणि ५ पाव कमी भरल्यावरून तिला मारहाण झाली आणि त्यात ती गेली, असा आरोप आहे. कारागृहातल्या ६ महिला कर्मचाऱ्यांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. दुसऱ्या दिवशी आतल्या बायकांनी दंगा केला. ‘बाईला बाई समजून घेते’ या आपल्या लाडक्या समजाला हे प्रकरण फार मोठा धक्का आहे. नुसत्या महिला शिपाई नेमल्या की भागलं, असं होत नाही.

आता कुणी म्हणेल, बारावी पास शिपाई काय समुपदेशन करणार? याचं उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथं डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’च्या टीमनं वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या साध्या बायकांना सुमारे दोन महिने शिकवून नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटबरोबर काम करायला बसवलं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. सरकारी आरोग्य केंद्रांत बरं होण्याचं प्रमाण वाढलं होतं. म्हणजे पदवीची भिंत वाटते तेवढी उंच नाही.

पण (आणि हा ‘पण’ मोठा आहे) गोव्यातली पेशंट उठून घरी जाऊ शकत होती. इथं ऐकणारीच्या कमरेला किल्ल्या आहेत. आज हिनं मन मोकळं केलं, उद्या तेच हिच्याविरुद्ध रिपोर्टात गेलं तर? कैदी बाई हा विचार करणारच, आणि करायलाच हवा. म्हणून मॅडमनी ‘थेरपिस्ट’ होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी ओळखावं, ऐकावं आणि पुढं जोडून द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचारांच्या पुस्तिकेतही पाहा, ऐका, जोडा हीच तीन कामं आहेत. खोलातलं बोलणं बाहेरच्या माणसाशी व्हावं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून मुंबईत हेच करत आलाय, त्यांचे सोशल वर्कर कैद्यांचे वकील, घर, मुलं यांच्याशी दुवा सांधतात. कितीतरी वेळा बाईला सल्ला नकोच असतो. मुलगी शाळेत जाते का, एवढं कुणीतरी फोन करून विचारून सांगितलं तरी ती जेवते.

दुसरी बाजूही आहे. ड्युटी लांबते, रात्रपाळी असते, बराकीत आवाज थांबत नाही आणि घरी स्वतःची मुलं. आपल्या ऑफिसात डेडलाइन वाढली की एचआर स्ट्रेसवर वर्कशॉप लावतं, वर सामोसेही देतं! गळफास सोडवणाऱ्या शिपाईबाईला दुसऱ्या दिवशी ड्युटी असते. तिच्या मनाचं काय, हा भाग ट्रेनिंगमध्ये नसेल तर उरलेलं ट्रेनिंग वाया गेलं समजा.

महाराष्ट्राच्या कारागृह अधिकाऱ्यांना शिकवणारं दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालय आहे येरवड्यातच. आणि काय बघायचं, याचा नमुनाही तिथल्याच भिंतींआडून आलाय. वकील सुधा भारद्वाज भीमा कोरेगाव प्रकरणातल्या आरोपी म्हणून येरवड्याच्या महिला जेलमध्ये होत्या. त्यांचं ‘फ्रॉम फाँसी यार्ड’ हे पुस्तक २०२३ मध्ये आलं. त्यांच्या खटल्याबद्दल तुमचं मत काहीही असो. फाशी यार्डातल्या कोठडीत असताना पाहिलेल्या बायकांची छोटी छोटी शब्दचित्रं आहेत त्यात. कोण एकटी बसते, कुणाचं मूल काय करतं, असं सगळं. गजांमागून एका कैद्याला एवढं दिसतं, तर किल्ली असलेल्या माणसाला दिसायला हरकत नसावी.

मला विचाराल तर सुरुवात अगदी छोट्या गोष्टीनं करता येईल. ड्युटी बदलताना आज गिनती सांगतात, किती बायका, किती मुलं. त्यात आणखी एक ओळ घालायची: ‘कोपऱ्यातली ती आज तारखेवरून आली, जेवली नाही, रात्री दोनदा बघून या.’