कागद कुठे, निकाल कुठे

विधी स्वयंसेवक : विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५पासून. कायदेशीर मदत तालुका विधी सेवा समितीमार्फत. स्वयंसेवक अर्ज लिहून देतो, वाट दाखवतो. कोर्टात युक्तिवाद वकिलाचाच. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांना मोफत वकील, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

शेतीचा वाद : वऱ्हाडातल्या चांदूर बाजार तालुक्यात पक्षकार बहुधा सातबाराच घेऊन येतो. तेवढ्यावर भागत नाही. नमुना ७ हक्काचा, १२ पिकांचा, ६ फेरफाराचा, ८-अ खातेदाराच्या एकूण जमिनीचा. नोंद कशी बदलली, हे फेरफारातच कळते. सातबारा महसुली नोंद आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात.

निकालाचा पत्ता : ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, वर्ष, सर्वोच्च न्यायालय, पान. (हा केशवानंद भारती खटला.) वऱ्हाडाचे उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ.

तारीख पाहा : भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासून. त्याआधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच.

मुदत : दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९०. नकल मिळण्यात गेलेला काळ वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज लगेच.