पाचाला शून्याने भागा!

महालात चिटणीस पार्काच्या आसपास क्रिकेटचा वाद पेटला, की कुणीतरी हटकून गोलंदाजाची सरासरी पुढे करतो. दिलेल्या धावांना बळींनी भागले, की झाला निकाल! पण नाशिकच्या बापू नाडकर्णींना हा भागाकार लावून पाहा. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत, इंग्लंडच्या पहिल्या डावात, त्यांनी ३२ षटके टाकली. निर्धाव २७, धावा अवघ्या ५, बळी शून्य. आता पाचाला शून्याने भागणार कसे? ओळीने १३१ चेंडूंवर एकही धाव न देणाऱ्या माणसाची सरासरीच निघत नाही!

षटकांना धावांनी भागले, तर दर सहा-साडेसहा षटकांमागे एक धाव पडते. फलंदाज चिकटून बसले होते, हे मात्र हाही आकडा सांगत नाही.

बापूंच्या ४१ कसोटींचा हिशेब मांडा. चेंडू ९१६५, धावा २५५९, बळी ८८. बळीमागे एकोणतीस धावा; यात काय विशेष, असे कुणीही म्हणेल. पण चेंडूंची षटके करा, सहाने भागून. षटकामागे पावणेदोन धावासुद्धा भरत नाहीत! या कोंडीला कंटाळून फलंदाज दुसऱ्या टोकाला बॅट फिरवतो, बाद होतो. आणि तो बळी चढतो दुसऱ्याच्या खात्यावर.