चित्रकथेचा संदर्भ कसा द्यावा?

उज्जयिनीत क्षिप्रेच्या काठी राम घाट आहे. प्रभू रामचंद्रांनी येथे दशरथाचे श्राद्ध केले अशी परंपरा सांगतात. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात स्नानासाठी मोठी दाटी होते ती याच घाटावर. मागील सिंहस्थ २०१६ साली झाला, पुढील २०२८ साली यावयाचा आहे. घाटापासून जवळच हरसिद्धीचे देऊळ लागते. त्यापुढील दोन उंच दीपमाळा मराठी यात्रेकरूस घरच्या वाटतात, आणि त्यात नवल नाही. त्या मराठ्यांच्या अमदानीतल्याच आहेत. नदीच्याच काठाने थोडे पुढे गेले की चक्रतीर्थाचे स्मशान येते. विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन चालला आणि प्रेतातील वेताळाने त्याला गोष्टी सांगितल्या, तो प्रसंग या परिसरात घडला अशी अनेकांची समजूत असते.

ही समजूत त्यांना कोठून मिळाली? सोमदेवाचा संस्कृत ग्रंथ उघडून नव्हे. ती बहुधा लहानपणी वाचलेल्या एखाद्या सचित्र मासिकातून किंवा चित्रकथेतून आलेली असते. आजच्या विषयाचा आरंभ नेमका येथे होतो.

मराठी विकिपीडिया हा संगणकाच्या जाळ्यावरील मुक्त ज्ञानकोश २००३ सालच्या मे महिन्यात सुरू झाला. केतकरांच्या ज्ञानकोशामागे एक निश्चित संपादकमंडळ होते, वाईच्या विश्वकोशामागेही आहे. या कोशामागे तसे मंडळ नाही. तेथे कोणीही लिहावे आणि कोणीही दुरुस्त करावे. लेखक अनोळखी असल्यामुळे वाचकाने विश्वास ठेवावा तो लेखकाच्या नावावर नव्हे, तर विधानाखाली दिलेल्या संदर्भावर, असा तेथील मूळ नियम आहे. म्हणून संदर्भाची टीप ही त्या कोशात शोभेची वस्तू नाही. ती गेली की विधान उघडे पडते आणि पुढचा संपादक ते काढूनही टाकू शकतो.

आता असे समजावे की, उज्जैनमधील एका मराठी घरातला विद्यार्थी राम घाटावर लेख लिहावयास बसला आहे. लोककथेच्या भागात त्याने विक्रम-वेताळाचा उल्लेख केला आणि खाली टीप दिली: ‘वेताळ, इंद्रजाल कॉमिक्स.’ त्याने प्रामाणिकपणे आठवले तेवढे लिहिले. परंतु पुण्यातील किंवा बेळगावातील एखादा जिज्ञासू वाचक ही टीप वाचून जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेला, तर त्याच्या हाती काय पडेल? आफ्रिकेच्या जंगलात राहणारा, डोळ्यांवर मुखवटा चढवलेला, कवटीची अंगठी घालणारा एक पाश्चात्त्य वीर! कारण ली फॉक यांनी अमेरिकेत १९३६ साली निर्माण केलेल्या ‘फँटम’ या नायकाला इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत ‘वेताळ’ हेच नाव दिलेले होते. क्षिप्रेच्या काठचा वेताळ निराळा आणि हा निराळा. विद्यार्थ्याच्या मनात बहुधा ‘चांदोबा’ मासिकातील विक्रम-वेताळाची गोष्ट असावी. के. सी. शिवशंकरन ऊर्फ शंकर यांनी काढलेले ते चित्र, एका हाती तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला राजा, ज्याने पाहिले तो विसरणे कठीण. पण चांदोबा हे सचित्र गोष्टींचे मासिक, चित्रकथा नव्हे. त्याच्या टिपेचा साचाच वेगळा.

साचा म्हणजे काय, हे येथे सांगणे अवश्य आहे. शाळेत प्रवेश घेताना पालकाला छापील अर्ज देतात. नाव, जन्मतारीख, पत्ता असे रकाने त्यात आखलेले असतात. पालकाने फक्त रिकाम्या जागा भरावयाच्या. क्रम आणि मांडणी शाळेने आधीच ठरवलेली असते. विकिपीडियावरील साचा याच जातीचा. लेखकाने रकान्यांत माहिती भरली की यंत्र स्वतःच स्वल्पविराम, अवतरणचिन्हे, कंस यथास्थित घालून टीप तयार करते. ग्रंथासाठी एक साचा, वृत्तपत्रासाठी दुसरा, संकेतस्थळासाठी तिसरा, असे ते अनेक आहेत. इंग्रजी विकिपीडियावर चित्रकथेसाठीही स्वतंत्र साचा आहे. मराठीत मात्र चित्रकथेचा संदर्भ बहुधा ग्रंथाच्याच साच्यात कोंबला जातो. ग्रंथाचा साचा विचारतो: लेखक कोण? चित्रकथेला या प्रश्नाचे एका नावाने उत्तर देता येत नाही.

चित्रकथा कशी तयार होते ते पाहिले म्हणजे अडचण ध्यानात येते. एकजण कथा व संवाद लिहितो. दुसरा पेन्सिलीने रेखाटने करतो. अनेकदा तिसराच त्या रेखाटनांवर शाई फिरवतो. चौथा फुग्यांत अक्षरे लिहितो, पाचवा रंग भरतो, मुखपृष्ठ आणखी कोणाचे असते आणि सर्वांवर संपादक असतो. यांपैकी ‘लेखक’ या रकान्यात कोणाला बसवावे? अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्र कथा मालिकेतील ‘कृष्ण’ हा अंक घ्यावा. संहिता पै यांची आणि चित्रे राम वाईरकर यांची. टिपेत केवळ पै यांचे नाव आले तर ज्यांच्या रेषेमुळे तो कृष्ण मुलांच्या मनात राहिला ते वाईरकर गळतात. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांनी भारतीय चित्रकथेला रूप दिले; ज्ञानकोशाच्या टिपांत त्यांच्या नावांना जागाच नसावी हे बरे नव्हे. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. एखाद्या लेखात ‘या पोशाखाची कल्पना अमुक चित्रकाराची’ असे विधान असेल, तर त्याचा पुरावा म्हणून दिलेल्या टिपेत चित्रकाराचेच नाव नसणे हास्यास्पद ठरते.

इंग्रजीतील साच्याने यावर तोड काढली आहे. ॲलन एलिस या अमेरिकन ग्रंथपालांनी चित्रकथांच्या संदर्भांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली होती. प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीच्या कामाचे आद्याक्षर कंसात लिहावे अशी तीमधील रीत; साच्यानेही तीच उचलली. स्टॅन ली हे लेखक, जॅक कर्बी हे रेखाटनकार, असे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते. आणि ज्याचे नाव अंकात छापलेलेच नाही त्याचे काय? ‘फॅन्टास्टिक फोर’च्या १९६१ सालच्या पहिल्या अंकावर शाईचे काम करणाऱ्याचे नाव नाही, जॉर्ज क्लाइन यांच्याकडे ते श्रेय अभ्यासकांनी मागाहून, शैली पाहून, दिले. अशा वेळी नाव द्यावे, पण ते अंकावरून घेतलेले नाही हे टिपेत स्पष्ट करावे. मराठी साच्यात रोमन आद्याक्षरे ठेवण्याचे कारण नाही. ‘लेखन’, ‘रेखाटन’, ‘शाई’, ‘अक्षरे’ हे शब्द पुरेसे आखूड आहेत आणि ते पूर्ण लिहिले तर वाचकाला खुणांची किल्ली शोधावी लागत नाही.

दुसरी अडचण अंकाच्या क्रमांकाची. सामान्य वाचकाला वाटते, क्रमांक दिला की काम झाले. अमर चित्र कथेतील ‘कृष्ण’ हा मूळ क्रमाने ११ वा अंक. कारण आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. पुढे मालिकेचे पुनर्मुद्रण निघाले, क्रमांक ५०१ पासून नव्याने सुरू झाले, आणि तोच कृष्ण ५०१ वा ठरला. प्रकाशकाचेही तसेच. आरंभी इंडिया बुक हाउस, तर २००७ नंतर मालकी बदललेली. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ च्या मार्चमध्ये निघाली आणि १९९० साली बंद पडली. तिचे अंक आधी सरळ क्रमाने मोजले जात, नंतर खंड आणि खंडातील अंक अशी मोजणी आली. म्हणून साच्यात मालिका, कथेचे नाव, खंड, अंक, दिनांक आणि आवृत्ती हे सहाही रकाने निरनिराळे हवेत. मालिकेचे नाव व कथेचे नाव एकाच रकान्यात घातले तर ‘वेताळ’ हे पात्र, कथा की मालिका, हे कोणालाच सांगता येणार नाही. वरच्या विद्यार्थ्याची चूक याच गोंधळातून झाली.

भाषेचा रकाना हा तर भारतीय चित्रकथांसाठी अपरिहार्य समजला पाहिजे. इंद्रजालचे अंक इंग्रजीत, हिंदीत, मराठीत आणि इतर भाषांत निघत आणि मजकूर सर्वत्र सारखा नसे. भारतीय वाचकाची मने दुखावू नयेत म्हणून मूळ अमेरिकन कथेतील नावे बदललेली असत. फँटमचा देश मूळ कथेत ‘बेंगाली’ असा होता. भारतीय अंकांत तो ‘डेंकाली’ झाला. समुद्रावरील चाच्यांची ‘सिंग’ टोळी ‘सिंगा’ झाली. आणि फँटमच्या पित्याचा खून करणारा जो ‘रामा’, तो भारतात ‘रामालू’ होऊन आला. मूळ नाव तसेच ठेवले असते तर भारतीय घरात त्या अंकाचे स्वागत कसे झाले असते, हे सांगावयास नको. पण संदर्भ देणाऱ्याच्या दृष्टीने तात्पर्य एवढेच की, अमेरिकन आवृत्ती वाचलेला आणि मराठी अंक वाचलेला असे दोघे एकाच कथेविषयी परस्परविरुद्ध विधाने करतील आणि दोघेही खरे असतील. आपण कोणती प्रत डोळ्यांनी पाहिली, हे टिपेत आलेच पाहिजे.

यानंतर येते पान आणि चौकट. येथे मराठीच्या जुन्या परंपरेतला एक दाखला उपयोगी पडतो. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, आणि या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही त्यातील कोणत्याही ओवीचा निर्देश अचूक करता येतो. कारण तो पानाने होत नाही. पैले की दुसरे पुराण, कितवे अवस्वर आणि कितवी ओवी, अशी त्याची रीत. बायबलमधील वचनाचा अध्याय-ओवीने होणारा निर्देशही असाच. कागद बदलला, छपाई बदलली, लिपी बदलली, तरी स्थळ बदलत नाही. चित्रकथेत ओवीचे काम चौकट करते. एका पानावर पाच-सहा चौकटी असतात. ‘पृष्ठ १२’ म्हटल्याने वाचकाला सहा चित्रे धुंडाळावी लागतात. ‘पृष्ठ १२, चौकट ४’ म्हटले की बोट नेमके तेथे टेकते. शिवाय पुष्कळ चित्रकथांच्या पानांवर क्रमांक छापलेले नसतात, किंवा जाहिरातींची पाने मोजावीत की नाही हा वाद उरतो. अशा वेळी कथेचे पहिले पान एक धरून मोजावे आणि तसे केल्याचे टिपेत नमूद करावे. इंग्रजी साच्यात चौकटीचा रकाना आहे. मराठीत तो आणताना गाळू नये, एवढी काळजी घ्यावी. आयात करणारे कारागीर अपरिचित रकाना आधी छाटतात.

यंत्राकडील बाजू थोडक्यात अशी. पूर्वी प्रत्येक साचा स्वतंत्रपणे हाताने लिहिलेला असे. त्यामुळे ग्रंथाच्या टिपेत दिनांक एका जागी, तर चित्रकथेच्या टिपेत दुसऱ्याच जागी येई. २०१३ पासून विकिपीडियावर ‘लुआ’ नावाची संगणकभाषा वापरता येऊ लागली आणि अनेक साच्यांमागे एकच सामाईक यंत्रणा ठेवणे सोपे झाले. चित्रकथेचा साचाही अशा यंत्रणेवर बसवला, तर दिनांक, प्रकाशक, दुवा यांची मांडणी आपोआप इतर टिपांसारखी होते. चित्रकथेचे खास रकाने तेवढे वेगळे जोडावे लागतात. मराठीसाठी काम यापुढेही उरते. ‘मार्च १९६४’ हा दिनांक आहे हे इंग्रजी यंत्रणेला उपजत कळत नाही. देवनागरी अंक आणि मराठी महिने तिला शिकवावे लागतात, नाहीतर ती लाल अक्षरांत चूक दाखवते. रकान्यांची नावेही मराठीत हवीत. इंग्रजी नावे पाठ करून मराठी लेख लिहावयाचा, ही शिक्षा विद्यार्थ्याला कशासाठी?

साचा कितीही निर्दोष झाला तरी एक विवेक मनुष्यालाच करावा लागतो. चित्रकथा ही स्वतःच्या आशयाचा पुरावा असते. अमुक अंकात विक्रम राजा क्षिप्रेच्या काठाने चालताना दाखवला आहे, या विधानाला तो अंक आधार म्हणून चालतो. विक्रम राजा क्षिप्रेच्या काठाने चालला, या विधानाला तो मुळीच आधार नाही. आणि येथे एक गंमत आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या गोष्टी ऐकणारा राजा उज्जयिनीचा नाहीच. त्याचे नाव त्रिविक्रमसेन, आणि राज्य गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाचे, म्हणजे पैठणचे! लोकप्रिय कथांनी त्याला विक्रमादित्याशी एकरूप करून उज्जयिनीस नेले. पैठणकरांनी यावर दावा सांगितलेला ऐकिवात नाही, पण ग्रंथाचा कौल त्यांच्या बाजूने आहे.

तेव्हा राम घाटाच्या लेखात त्या विद्यार्थ्याने दोन वाक्ये लिहावीत. पहिल्यात, वेताळाच्या कथांचा राजा सोमदेवाने प्रतिष्ठानचा सांगितला आहे असे लिहून खाली ग्रंथाच्या साच्याने लंबक व तरंग यांचा निर्देश करावा. दुसऱ्यात, अर्वाचीन चित्रकथांत हा प्रसंग उज्जयिनीत दाखवतात असे लिहून खाली चित्रकथेच्या साच्याने मालिका, कथा, लेखक, चित्रकार, भाषा, अंक, वर्ष, पृष्ठ आणि चौकट द्यावी. अंक हाताशी नसेल तर घरातल्या जुन्या ट्रंकेत, वाचनालयात किंवा रद्दीच्या दुकानात तो मिळेपर्यंत हे दुसरे वाक्य थांबू द्यावे.