लेसर संलयनाचा क्षण टिपणारे गॅमा किरण

अणुकेंद्रीय संलयनाच्या संशोधनात ५ डिसेंबर २०२२ हा दिवस महत्त्वाचा ठरला. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ‘नॅशनल इग्निशन फॅसिलिटी’मध्ये १९२ लेसर शलाकांनी लक्ष्याला २.०५ मेगाजूल ऊर्जा पुरविली व संलयनातून ३.१५ मेगाजूल ऊर्जा मुक्त झाली. मात्र हे ज्वलन सुमारे १०० पिकोसेकंदच टिकते. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष कोटीवा भाग होय. ज्वलन नेमके केव्हा झाले आणि किती काळ टिकले, हे कळल्याशिवाय इंधनगोळीचे आकुंचन अपेक्षेनुसार झाले किंवा नाही, याचा निर्णय करता येत नाही.

गॅमा किरणच का?

ड्युटेरियम व ट्रिटियम यांच्या संलयनात प्रामुख्याने १४.१ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन बाहेर पडतात. तप्त इंधनातील कणांच्या गतीमुळे त्यांचे वेग किंचित भिन्न असतात. सहा मीटर अंतर कापेपर्यंत त्यांच्या आगमनातील तफावत ज्वलनाच्या कालावधीपेक्षाही अधिक होते. गॅमा किरण मात्र प्रकाशाच्या वेगाने येत असल्याने मूळ कालक्रम जसाच्या तसा राहतो. हे अंतर गॅमा किरण २० नॅनोसेकंदांत कापतात, तर न्यूट्रॉनांना सुमारे ११७ नॅनोसेकंद लागतात. त्यामुळे दोन्ही संकेत आपोआप वेगळे होतात. अडचण एवढीच, की एक लक्ष संलयनांमागे सुमारे चार वेळाच १६.७५ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा किरण निर्माण होतो.

उपकरणाची रचना

गॅमा किरण प्रथम एका पातळ चकतीवर आदळून इलेक्ट्रॉन मुक्त करतात. वायूने भरलेल्या कक्षात हे इलेक्ट्रॉन त्या वायूतील प्रकाशाच्या वेगाला मागे टाकतात व चेरेन्कोव्ह प्रकाश उत्पन्न होतो. आरशांच्या साहाय्याने हा प्रकाश थेट प्रारणाच्या मार्गापासून दूर ठेवलेल्या प्रकाशगुणक नलिकेकडे वळविला जातो. वायूचा दाब वाढविल्यास अपवर्तनांक वाढतो आणि कमी ऊर्जेचे किरणही नोंदविले जातात. म्हणून निरनिराळ्या ऊर्जामर्यादांचे चार कक्ष वापरतात. त्यांच्या नोंदींची तुलना करून न्यूट्रॉनांच्या आघाताने कार्बनमधून निघणारे ४.४४ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण वेगळे ओळखता येतात. त्यावरून ज्वलनाच्या क्षणी इंधनाभोवती कार्बनचे किती आवरण शिल्लक होते, याचाही अंदाज बांधता येतो.

चेरेन्कोव्ह परिणामाचा शोध व त्याचे स्पष्टीकरण यांसाठी चेरेन्कोव्ह, फ्रँक व टाम यांना १९५८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लडाखमधील हानले येथे २०२४ मध्ये उद्घाटन झालेली भारताची ‘मेस’ दुर्बीणही याच परिणामाच्या आधारे अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांचा वेध घेते. तेथे वायुकक्षाचे कार्य पृथ्वीचे वातावरणच करते.